मोठ्या चेनसॉने झाड पाडताना काय कापायचं नाही, ते आधी ठरवा

प्रश्न असा आला आहे: आतापर्यंत ५० सीसीची, १६ इंची बारची (ज्या लांब पात्याभोवती चेन फिरते तो बार) चेनसॉ फांद्या छाटायला आणि लहान झाडांना वापरली. आता ९० सीसीचं, ३० इंची बारचं मशीन हाती आलंय आणि अडीच फूट जाडीची उभी झाडं पाडायची आहेत. तेच तंत्र चालेल, की वेगळं काही शिकावं लागेल?

तंत्राची मूळ तत्त्वं तीच राहतात. बदलतो तो चूक सुधारायला मिळणारा वेळ. छोट्या मशीनने मागचा काप, म्हणजे पडायच्या बाजूच्या उलटीकडचा काप, घेताना लाकूड हळूहळू कमी होतं, मध्येच थांबून किती उरलंय ते बघता येतं. धार लावलेलं ९० सीसीचं मशीन चार-पाच सेंटीमीटर लाकूड डोळ्याचं पातं लवेपर्यंत खाऊन टाकतं. आणि झाड कुठे पडणार हे ठरवणारं लाकूड एवढंच असतं, ते शेवटचं न कापलेलं. म्हणून मोठं मशीन हाती घेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: कोणतं लाकूड शिल्लक ठेवायचं ते इंजिन बंद असताना ठरवा, खडूने खोडावर आखा, आणि मगच मशीन सुरू करायची दोरी ओढा. मशीन आवाज करू लागलं की डोकं नवे निर्णय घेण्याच्या स्थितीत नसतं.

आधी मशीनबद्दल. ५० सीसीचं मशीन बार-चेनशिवाय ५ किलोच्या आसपास भरतं. ९० सीसीचं साडेसात-आठ किलो. त्यावर लांब बार, चेन, भरलेल्या पेट्रोल आणि तेलाच्या टाक्या धरल्या की हातात १० किलोंहून जास्त वजन येतं. हे वजन पहिल्या झाडाला जाणवत नाही, तिसऱ्याला जाणवतं. दमलेला हात मशीनचं टोक खाली सोडतो, आणि टोक कुठेही टेकणं हीच सगळ्यात वाईट गोष्ट. त्यामुळे मोठ्या मशीनवर एका दमात किती झाडं घ्यायची हे उरलेल्या कामावरून ठरवू नका, हातांवरून ठरवा.

दुसरी गोष्ट चेनचा वेग. ३/८ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) चेन आणि सात दात्यांचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) असेल तर एका फेऱ्यात चेन साधारण १३ सेंटीमीटर सरकते. मोकळं इंजिन मिनिटाला १३,००० फेरे घेत असेल तर चेनचा वेग सेकंदाला २९ मीटरच्या घरात जातो. लाकडात तो कमी होतो, तरी २० मीटरच्या वर राहतो. आता चेनसॉसाठीच्या संरक्षक पँटकडे बघा. त्यांचे वर्ग याच वेगावर ठरतात: वर्ग १ ची चाचणी सेकंदाला २० मीटरवर, वर्ग २ ची २४ वर, वर्ग ३ ची २८ वर. पँटच्या आतले लांब तंतू चेनबरोबर बाहेर ओढले जातात, स्प्रॉकेटमध्ये गुंततात आणि चेन अडते. छोट्या मशीनसोबत घेतलेली वर्ग १ ची पँट मोठ्या मशीनला पुरेलच असं धरून चालू नका. निदान वर्ग २ घ्या, आणि पायाला मागूनही संरक्षण देणारी घ्या. उकाडा होतो, मान्य आहे. उकाड्यावर उपाय म्हणजे कामाची वेळ बदलणं आणि वारंवार विश्रांती घेणं. पँट उतरवणं हा उपाय नव्हे. एकदा चेन लागून तंतू बाहेर आलेली पँट शिवून पुन्हा वापरायची नाही. हेल्मेट, जाळीचा मुखवटा, कानावरची मफ, पोलादी टोकाचे चेनसॉ बूट हे सगळं धरूनच चालतो. आवाजाचा हिशेब मात्र माहीत असावा: ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते असं मानलं, तर ११० डेसिबलला ती दीड मिनिटावर येते. मोठी मशीन्स त्याच पट्टीत आवाज करतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लांब बारचं टोक तुम्हाला दिसत नाही. १६ इंची बारवर टोक बहुतेक वेळा नजरेच्या टप्प्यात असतं. जाड खोडात शिरलेल्या ३० इंची बारचं टोक पलीकडे काय करतंय, बिजागरीत (झाडाला वळवण्यासाठी न कापता ठेवलेल्या लाकडाच्या पट्टीत) घुसलंय की शेजारच्या खोडाला टेकतंय, हे कळायला मार्ग नसतो. पुढे सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी या एका अडचणीवरचे उपाय आहेत.

किकबॅक म्हणजे काय ते तुम्हाला माहीत असेल, तरी नेमकं सांगतो. बारच्या टोकाच्या वरच्या चतुर्थांश भागात चेन वळत असते. तिथे दाता लाकडात रुतला की चेन क्षणभर अडते आणि इंजिनाची सगळी ताकद बार वर आणि मागे, तुमच्या तोंडाकडे फेकण्यात जाते. माणसाची प्रतिक्रिया येण्याआधी हे सगळं उरकलेलं असतं. लांब बार वळायला जड, म्हणून किकबॅक सौम्य, असा एक समज आहे. वळण्याचा वेग थोडा कमी असला तरी मागचा जोर जवळजवळ दुप्पट असतो, आणि हवेत उसळलेलं १० किलोचं मशीन मनगटाने आवरत नाही. मदतीला तीनच गोष्टी येतात. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून पूर्ण वळलेला असणं आणि तो हात कोपरात जवळजवळ सरळ असणं. डोकं आणि मान बारच्या रेषेत कधीच नसणं, म्हणजे शरीर बारच्या डावीकडे ठेवणं. आणि चालू स्थितीतला चेन ब्रेक, म्हणजे पुढच्या मुठीसमोरची ढाल पुढे गेली की चेन थांबवणारी यंत्रणा.

ब्रेक रोज तपासा, दोन्ही प्रकारे. मशीन जमिनीवर घट्ट धरून पूर्ण रेस द्या आणि डाव्या मनगटाने ढाल पुढे ढकला. चेन तत्काळ थांबली पाहिजे आणि रेस लगेच सोडली पाहिजे. मग इंजिन बंद करून, ब्रेक मोकळा करून, मशीन एखाद्या बुडख्यावर थोड्या उंचीवर धरा. पुढची मूठ सोडून बारचं टोक लाकडावर आपटू द्या. धक्क्याने ढाल आपोआप पुढे गेली पाहिजे. किकबॅकमध्ये अनेकदा हात ढालीला लागतच नाही, ब्रेक निव्वळ धक्क्यावर चालतो. तो धक्क्याने लागत नसेल तर मशीन दुरुस्तीला द्या, त्या दिवशी दुसरं काम करा.

बारच्या खालच्या कडेने कापताना चेन मशीनला लाकडाकडे खेचते, वरच्या कडेने कापताना तुमच्याकडे ढकलते. मोठ्या मशीनवर हे दोन्ही झटके तोल घालवण्याइतके असतात. त्यासाठी बारच्या मुळाशी ते लोखंडी दाते असतात. ते आधी सालीत रोवा, मग रेस द्या. पाय खांद्याइतके फाकलेले, डावा थोडा पुढे. खांद्याच्या वर मशीन कधीच जाता कामा नये. आणि फांद्या साफ करायला हे मशीन उचलूच नका. तुमचं जुनं १६ इंची मशीन त्या कामासाठी बरोबर न्या. दुसऱ्या मशीनचा आणखी एक उपयोग पुढे सांगतो.

सुरू करणं आणि पेट्रोल भरणं पटकन उरकतो. मशीन जमिनीवर, ब्रेक लावलेला, उजव्या बुटाचं टोक मागच्या मुठीत, डावा हात पुढच्या मुठीवर, डीकॉम्प्रेशनचं (दोरी ओढणं हलकं करणारं) बटण दाबलेलं. हवेत धरून, मशीन खाली सोडत दोरी ओढायची पद्धत छोट्या मशीनवरही चूक आहे, मोठ्यावर ती हात-पाय गमवायची पद्धत आहे. पेट्रोल-तेलाचं मिश्रण ५०:१ असेल तर लिटरला २० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल. गरम मशीनची टाकी लगेच उघडू नका. आत दाब असतो आणि पेट्रोल कारंज्यासारखं उडून सायलेन्सरवर पडू शकतं. मशीन थोडं निवू द्या, झाकण हळूहळू सैल करा, आणि भरलेल्या जागेपासून निदान ३ मीटर दूर जाऊन सुरू करा. एक सवय लावून घ्या: मोठ्या झाडाला हात घालण्याआधी टाकी भरलेली हवी, ती अर्धी असली तरी भरा. ९० सीसीचं इंजिन पूर्ण रेसवर टाकी अर्ध्या तासाच्या आतच संपवतं. मागचा काप निम्मा झालेला असताना पेट्रोल संपलं तर अर्धवट कापलेल्या झाडाखाली उभं राहून टाकी भरायची पाळी येते.

आता झाडाकडे. वरून सुरुवात करा. वाळक्या फांद्या, मोडून अडकलेल्या फांद्या, शेजारच्या झाडात गुंतलेल्या वेली. पाचर ठोकताना खोड हादरतं आणि या वाळक्या फांद्या सरळ खाली येतात. पाडणाऱ्यांचे जीव अनेकदा खोडाने नव्हे, अशा फांद्यांनी घेतलेत. मग कल. कल एका जागेवरून ठरवू नका. दोन दिशांनी, एकमेकींना काटकोनात, दूर उभं राहून ओळंब्याने बघा. खोड सरळ असलं तरी शेंड्याचा भार एका बाजूला असू शकतो आणि झाड त्या भाराचं ऐकतं. नंतर बुंधा. अळिंबी उगवलीय का, साल सुटलीय का, कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकल्यावर आवाज पोकळ येतो का. शंका असेल तर पाडायच्या उंचीवर, जिथून लाकूड एरवीही जाणार आहे अशा जागी, बारचं टोक थोडं आत घालून भुसा बघा. स्वच्छ रंगाचे तुकडे आले तर लाकूड सशक्त. काळपट, मऊ भुकटी आली तर बिजागरी धरेल असं लाकूड तिथे नाही. पोकळ झाड, पूर्ण वाळलेलं झाड, विजेच्या तारांजवळचं झाड आणि वारा असलेला दिवस, या चारही गोष्टी नव्याने मोठं मशीन हाती घेतलेल्या माणसाने सोडून द्याव्यात. तारांजवळचं झाड तर वीज बंद झाल्याशिवाय कुणीच घेऊ नये.

उंचीचा अंदाज काठीने घ्या. ताणलेल्या हाताची मुठीपासून डोळ्यापर्यंतची लांबी असते तेवढीच काठी मुठीच्या वर उभी धरा आणि मागे मागे सरका, मूठ बुंध्याशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळेपर्यंत. सपाट जमिनीवर तुम्ही उभे आहात तिथवर शेंडा पोचेल. त्याच्या दुप्पट अंतरात दुसरं कुणी नको. सोबत माणूस हवाच, पण त्याची जागा त्या वर्तुळाबाहेर आणि तुम्हाला दिसेल अशी. माघारीची वाट पडण्याच्या दिशेच्या उलट, ४५ अंशांत तिरकी, शक्यतो दोन्ही बाजूंना. सरळ मागे पळायचं नाही. पडताना बुंधा उसळून मागे येऊ शकतो. ही वाट काप घेण्याआधी कोयत्याने साफ करा आणि एकदा तिच्यावरून चालून बघा.

आता खाच आणि बिजागरी. इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे.

पडायच्या बाजूला घेतलेली खाच झाडाला जायला जागा देते. तिच्या मागे उरलेली लाकडाची पट्टी म्हणजे बिजागरी. दाराची बिजागरी दाराला ठरलेल्या वाटेनेच फिरू देते, तसं ही पट्टी झाडाला फिरवते. ती तुटेपर्यंत झाड तुमच्या ताब्यात, तुटल्यावर कुणाच्याच नाही. तुमच्या अडीच फुटी, म्हणजे ७५ सेंटीमीटर व्यासाच्या खोडाचे आकडे घेऊ. खाच व्यासाच्या पाचव्या हिश्शाइतकी खोल, म्हणजे १५ सेंटीमीटर. गोल खोडात एवढ्या खोलीवर बिजागरीची लांबी आपोआप ६० सेंटीमीटर येते, व्यासाच्या ८० टक्के, आणि तेवढीच हवी असते. जाडी व्यासाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे ७ सेंटीमीटरच्या आसपास. फार जाड खोडात हे प्रमाण थोडं कमी करावं लागतं, कारण खूप जाड पट्टी वाकायच्या आधी फाटू लागते. पण शिकताना कमीपेक्षा थोडी जास्त बरी. पाचरीने जास्तीची जाडी हाताळता येते. कापून गेलेलं लाकूड परत आणता येत नाही.

खाचेचा कोन ७० अंश किंवा जास्त ठेवा. ४५ अंशांची खाच झाड अर्ध्या वाटेवर असतानाच मिटते. तिचे दोन ओठ एकमेकांना भिडले की बिजागरी तटकन तुटते आणि उरलेला प्रवास झाड मोकळं करतं. रुंद खाच मिटेपर्यंत झाड जमिनीजवळ पोचलेलं असतं. वरचा तिरका काप आधी घ्या, मग खालचा आडवा. खालचा काप घेताना वरच्या कापाच्या फटीतून बघता येतं, चेन दिसताक्षणी थांबायचं. दोन्ही काप एकाच रेषेत भेटले पाहिजेत. एखादा काप भेटीच्या रेषेपलीकडे सेंटीमीटरभर जरी गेला तरी दोन गोष्टी बिघडतात: बिजागरीचे तंतू तिथे आधीच कापले जातात, आणि ती बारीक फट आधी मिटून झाडाला रोखून धरते. लांब बारवर ही चूक हमखास पलीकडच्या टोकाला होते, कारण ते टोक दिसत नाही. म्हणून खाचेचा तुकडा काढला की मशीन बंद करून पलीकडे जा आणि रेषेवर बोट फिरवून बघा. काप पुढे गेला असेल तर खाच थोडी आणखी खोल घेऊन रेषा साफ करा.

दिशेसाठी मशीनच्या अंगावर बारला काटकोनात असलेली रेघ वापरा. खाच घेताना ती रेघ जिथे रोखलेली, तिथे झाड जाणार. २ अंशांची चूक २५ मीटर उंचीच्या झाडाच्या शेंड्याला जवळजवळ ९० सेंटीमीटर बाजूला नेते. खुल्या रानात याने बिघडत नाही, दोन झाडांमधल्या फटीतून पाडायचं असेल तर झाड अडकतं.

मागच्या कापासाठी मी मोठ्या मशीनवर बारचं टोक खोडात आरपार घुसवून कापायची पद्धत सुचवतो. स्वीडनचे वृक्षतोड-प्रशिक्षक सोरेन एरिक्सन यांनी रुंद खाच आणि ही पद्धत अमेरिकेतल्या तोडणाऱ्यांना शिकवली, आणि आज ती अनेक ठिकाणी शिकवली जाते. काप मागून बिजागरीकडे नेण्याऐवजी बिजागरीमागून सुरू करायचा. टोकाचा खालचा चतुर्थांश सालीला लावा, पूर्ण रेस आधीपासून द्या, टोक बारच्या रुंदीइतकं आत गेलं की मशीन हळूहळू सरळ करून सरळ आत ढकला. टोकाचा वरचा भाग सुरुवातीला लाकडाला लागला तर किकबॅक ठरलेला. आत पोचल्यावर बिजागरी आखलेल्या रेषेपर्यंत नेऊन नेमकी करा, मग बार मागे सरकवत कापत जा आणि खोडाच्या मागच्या कडेला लाकडाची एक पट्टी, समजा व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी, न कापता ठेवा. बार बाहेर काढा. झाड आता पुढे बिजागरीवर आणि मागे या पट्टीवर उभं आहे.

या पद्धतीवर माझा एवढा भर का, ते सांगतो. पुढे झुकलेल्या झाडाला मागून नेहमीसारखा काप घेतला तर काप बिजागरीजवळ पोचायच्या आधीच मागच्या तंतूंवर प्रचंड ताण येतो. मग खोड उभं चिरतं, मागचा अर्धा भाग झाडाच्या वजनाने वर उसळतो आणि तुमच्या डोक्याच्या उंचीवरून मागे फेकला जातो. याला बार्बर चेअर म्हणतात, आणि त्यातून सावरायला वेळ मिळत नाही. मागची पट्टी शेवटपर्यंत धरून ठेवली तर हा ताण बिजागरी पूर्ण तयार झाल्यावरच, तुमच्या मर्जीने, एका झटक्यात सुटतो. दुसरा फायदा लांब बारसाठी: झाड स्थिर असताना मशीन बंद करून चक्कर मारता येते, दोन्ही टोकांना बिजागरीची जाडी पट्टीने मोजता येते, पाचरी बसवता येतात, माघारीची वाट पुन्हा बघता येते, सोबत्याला खूण करता येते. सगळं नीट असेल तर वाटेच्या बाजूला उभं राहून, बाहेरून, मागची पट्टी कापायची.

तुमचं खोड छातीच्या उंचीवर ७५ सेंटीमीटर असेल तर बुडाशी ते त्याहून रुंद असणार, आणि ३० इंची बारचा कामाला येणारा भाग ७५ सेंटीमीटरच्या आत असतो. म्हणजे बार एका बाजूने पलीकडे पोचणार नाही. फुगलेली आधारमुळं आधी छाटून घेतली तर थोडी जागा मिळते, बुंधा सशक्त असेल तरच. नाहीतर दोन्ही बाजूंनी काप घ्यावा लागतो. आधी पलीकडची, अवघड बाजू घ्या आणि शेवट माघारीची वाट चांगली आहे त्या बाजूला करा. दोन्ही काप एका पातळीत यावेत म्हणून खोडाभोवती खडूने रेष मारून घ्या. मध्ये न कापलेला गाभा राहिला तर झाड पाचरीला दाद देत नाही, आणि लोक वैतागून बिजागरी कापायला जातात. तसं करू नका, गाभा शोधा. खाचेच्या मधोमध समोरून बार घुसवून गाभा आधीच पोखरून ठेवायची रीतही आहे. बिजागरीची दोन्ही टोकं शाबूत ठेवली तर दिशेला धक्का लागत नाही. पण पुढे झुकलेल्या झाडाच्या तोंडाशी उभं राहून हे करायचं असल्याने ते जाणकारासोबतच शिका.

पाचरी प्लास्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या, लोखंडी कधीच नको. चेन लागली की दाते उडतात. मागे किंचित झुकलेल्या झाडाला पाचर किती मदत करते याचा हिशेब सोपा आहे. बिजागरीपासून पाचरीपर्यंत ५० सेंटीमीटर आणि झाड २५ मीटर उंच, म्हणजे ५० पट. पाचरीने काप अडीच सेंटीमीटर उचलला तर शेंडा सव्वा मीटर पुढे येतो. शेंडा त्याहून जास्त मागे असेल तर एकावर एक पाचरी ठोकत बसू नका, दोर आणि विंच (दोर गुंडाळत ओढणारं यंत्र) लावा. पाचर आत बसवता येईल एवढा काप झाला की लगेच हलकी ठोकून ठेवायची, झाड बसून बार अडकल्यावर नव्हे. आणि ठोकताना दर घावानंतर वर बघायचं.

बार अडकलाच तर इंजिन बंद करा. हिसके देऊ नका. पाचरीने फट उघडा, नाहीतर दुसऱ्या मशीनने, अडकलेल्या बारपासून अंतर राखून, सोडवा. दुसरं मशीन न्यायचं ते यासाठी. झाड हललं आणि बार आतच राहिला, तर मशीन तिथेच सोडून निघा.

झाड हलू लागताच काप थांबवायचा, मशीन बाहेर येत असेल तर घेऊन, वर बघत, ठरलेल्या वाटेने दूर व्हायचं. झाड पडताना बघायला बुंध्याशी थांबू नका. पडल्यावरही लगेच जवळ जाऊ नका. शेजारच्या झाडांत अडकलेल्या फांद्या थोड्या वेळाने खाली येतात. झाड मध्येच दुसऱ्यावर अडकलं तर त्याखाली जायचं नाही, आधार देणारं झाड कापायचं नाही, वर चढायचं नाही, दुसरं झाड त्यावर पाडायचं नाही. बुंधा विंचने मागे ओढा, आणि ते जमत नसेल तर भोवती दोरी बांधून जाणकार येईपर्यंत तिथे कुणाला फिरकू देऊ नका.

धारेबद्दल दोन शब्द. बाहेर तुकड्यांऐवजी भुकटी येऊ लागली, किंवा मशीन दाबावं लागलं, की थांबून कानस घ्या. बोथट चेनवर माणूस जोर लावतो, आणि लाकूड संपलं की तो जोर त्याला पुढे नेऊन सोडतो. दात्यांपुढचे खोली ठरवणारे उंचवटे साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावेत. भराभर कापावं म्हणून ते जास्त घासले तर प्रत्येक दाता मोठा घास घेतो आणि किकबॅक वाढतो. लांब बारवर चेन थोडी लोंबते, म्हणून ताण बघताना बारचं टोक वर उचलून धरून नट कसा. गरम असताना ताणलेली चेन काम संपल्यावर सैल करा, निवताना ती आखडते.

कंपनाकडे लोक दुर्लक्ष करतात. युरोपीय नियमांत हाताला पोचणाऱ्या कंपनाची आठ तासांची कृती-पातळी (जिच्यावर गेल्यास उपाय करावे लागतात) २.५ आणि कमाल मर्यादा ५ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. तुमच्या मशीनचं कंपन ७ असेल तर पहिली पातळी सुमारे तासाभराच्या प्रत्यक्ष कापण्यातच गाठली जाते आणि कमाल मर्यादा चार तासांत. बोटं पांढरी पडणं, मुंग्या येणं ही सुरुवात असते, आणि वेळीच थांबलं नाही तर ते कायमचं राहतं. रबरी बफर फाटले असतील तर बदला, हात गरम ठेवा.

रक्तस्राव थांबवणारा पट्टा आणि मोठी दाब-पट्टी स्वतःच्या अंगावर ठेवा. गाडीत ठेवलेली पेटी दोनशे मीटर दूर असते.

सुरुवात कुठून करायची, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मी विचारलं असतं. उभ्या झाडावर नको. आडव्या, पक्क्या अडकवलेल्या जाड ओंडक्यावर बार घुसवायचा सराव करा, दोन्ही बाजूंनी घेतलेले काप पातळीत येईपर्यंत. मग आधीच्या झाडांचे बुडखे उंच असतील तर त्यांवर खाच, बिजागरी, मागची पट्टी सगळं घेऊन बघा. तिथे पडायला काही नसतं. पहिलं झाड मध्यम जाडीचं, किंचित पुढे झुकलेलं, मोकळ्या जागेतलं निवडा आणि शेजारी अनुभवी माणूस असू द्या. ते पडल्यावर बुडख्यावर उरलेली बिजागरी दोन्ही टोकांना मोजा. एका टोकाला ७ आणि दुसऱ्याला ३ सेंटीमीटर असेल तर झाड जाड टोकाकडे ओढलं गेलेलं दिसेल, आणि बारीक टोक बहुतेक बारच्या न दिसणाऱ्या बाजूचं निघेल. तसं असेल तर पुढच्या झाडाला बिजागरी नेमकी करताना शेवटचे दोन सेंटीमीटर त्या बाजूला जाऊन, समोरून बघत कापा.